राजूर ते तानसेचे खोरे : वायूंच्या आधारे वाफेचा शोध

राजूर हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील गाव प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत वसलेले असून तेथील ओढ्यांचे पाणी प्रवरा आणि गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते, तर पश्चिमेला थोड्याच अंतरावर डोंगर एकाएकी तुटतो आणि कोकणाची सखल पट्टी सुरू होते. महादेव कोळी आणि ठाकर या समाजांची दाट वस्ती असलेल्या या मुलखाला डांगाण म्हणतात. भात, नागली आणि वरई ही येथील पिके, हिरड्यासारखे वनोपज ही जोडीची मिळकत, आणि डांगी जनावरे हे येथील खरे धन होय, कारण या जातीच्या कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव पावसाचे पाणी अंगावर ठरू देत नाही आणि चिखलातल्या भातखाचरांत चार महिने राबूनही हा बैल खचत नाही. राजूरला दरवर्षी डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, येथील पेढे पंचक्रोशीबाहेरही नावाजलेले आहेत, आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय गावात असल्यामुळे आसपासच्या आश्रमशाळांचा व पाड्यांचा राबता येथे कायम असतो.

या गावातून भंडारदरा, घोटी, इगतपुरी आणि कसारा घाट या वाटेने खाली उतरून तानसा नदीच्या खोऱ्यातील गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी येथील गरम पाण्याच्या कुंडांपर्यंत जाणारा प्रवास देवदर्शनाचा किंवा धबधब्यांचा म्हणून पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु हाच मार्ग जमिनीखालच्या पाण्याचा आणि उष्णतेचा अभ्यास म्हणून पाहिला, तर तो एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे नेतो. जमिनीत खोलवर जेथे गरम पाणी साठलेले असते, तेथे ते केवळ पाणी म्हणून असते की त्याचा काही भाग वाफ होऊन खडकाच्या फटींत भरलेला असतो, आणि तो किती असतो, हा तो प्रश्न होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वाफेचा अंदाज वर येणाऱ्या वायूंच्या रासायनिक घडणीवरून बांधण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात विकसित झाली असून कोकणातील झऱ्यांना ती लावून पाहिली असता मिळणारे उत्तर अनेकांच्या समजुतीच्या उलट आहे.

राजूर सोडताच उजव्या हाताला कळसूबाईची रांग दिसू लागते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असल्याचे शाळेतील मुलेही सांगतात, परंतु भूविज्ञानात या नावाला आणखी एक स्थान आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार तयार झाले. या थरांची रासायनिक घडण तपासून पश्चिम घाटातील खडकांची जी मोठी विभागणी करण्यात आली, तिच्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला कळसूबाई उपगट हे नाव मिळाले आणि त्यातील उपविभागांना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर अशी सह्याद्रीतील गावांची नावे दिली गेली. वरवर एकसारखा दिसणारा काळा पाषाण त्यातील अत्यल्प द्रव्यांच्या प्रमाणावरून थरागणिक वेगळा ओळखता येतो, ही गोष्ट पुढे वायूंच्या विचारातही उपयोगी पडते, कारण तेथेही निकाल लागतो तो प्रमुख घटकांवरून नव्हे, तर हजारांत एखादा भाग असणाऱ्या घटकांवरून.

रंधा धबधबा मागे टाकून शेंडी गावाशी आले की भंडारदऱ्याचे विल्सन धरण समोर येते. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण आपल्या काळात देशातील सर्वांत उंच धरणांपैकी एक होते आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील ऊसशेती व साखर कारखानदारी ज्या पाण्यावर उभी राहिली, ते पाणी येथूनच सुटते. जलाशयाच्या कडेकडेने घाटघरपर्यंत जाणारी वाट मुख्य मार्गापासून थोडी बाजूला असली तरी ती टाळू नये, कारण तेथे सह्याद्रीचा कडा सरळ खाली कोसळलेला दिसतो आणि त्या कड्याचा उपयोग करून उभारलेला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्पही तेथेच आहे. उदंचन म्हणजे पाणी वर चढवणे; विजेची मागणी वाढली की घाटघरच्या वरच्या धरणातील पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून शहापूर तालुक्यातील चोंढे येथील खालच्या धरणात सोडून वीज निर्माण करतात आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. माणसाने बांधलेला हा पाण्याचा फेरा डोळ्यांसमोर असताना निसर्गात असाच एक फेरा फार मंद गतीने चालू असतो हे ध्यानात येते : पावसाचे पाणी खडकातील भेगांतून दोन-तीन किलोमीटर खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते, हलके होते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून पुन्हा वर येते.

घोटीकडे जाणारा रस्ता बारी गावावरून, कळसूबाईच्या पायथ्याला लागून जातो आणि इगतपुरीनंतर कसारा घाटाची उतरण सुरू होते. जुन्या कागदपत्रांत थळ घाट म्हणून नोंदलेल्या या घाटातून १८६५ साली रेल्वे इगतपुरीपर्यंत पोचली, आणि रेल्वे व रस्ता यांच्यासाठी कापलेल्या कड्यांनी नकळत या प्रदेशाची अंतर्रचना उघडी करून ठेवली. ताज्या कापलेल्या कातळात पोकळ्या दिसतात आणि त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट झाक असलेले स्फटिक चमकतात. झिओलाइट या नावाने ओळखले जाणारे हे खनिजांचे कुटुंब थंड पाण्यात असे तयार होत नाही. लाव्हारसाचे थर साचल्यानंतर त्यांच्यातून फिरलेल्या गरम पाण्याने खडकातील द्रव्ये विरघळवली आणि पोकळ्यांत पुन्हा बसवली, तेव्हा हे स्फटिक घडले. म्हणजे सह्याद्रीच्या पोटात एके काळी गरम पाण्याचा संचार होता याचा लेखी पुरावा म्हणावा असे हे खडक आहेत. मात्र तो संचार आणि आजचे झरे यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे, आणि हे अंतर विसरल्यामुळेच एक मोठा गैरसमज रूढ झालेला आहे.

घाट उतरल्यावर शहापूर तालुक्याची भातशेती आणि साग-ऐनाची राने लागतात. डांगाण आणि कोकण यांच्यातील हा मार्ग व्यापाराचा तसाच बंडाचाही होता. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारी आणि इंग्रजी सत्ता यांविरुद्ध याच डोंगरांत लढा दिला आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. पुढे तानसा तलाव येतो. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८९२ साली पूर्ण झालेल्या या तलावाखाली तानसा नदी पश्चिमेकडे वाहू लागते आणि तिच्या काठांवर व प्रत्यक्ष पात्रात गरम पाण्याचे झरे प्रकट होतात.

वज्रेश्वरीचे मंदिर गढीसारख्या तटबंदीत, उंच पायऱ्यांवर उभे आहे. वसईच्या मोहिमेत यश आले तर देवीचे मंदिर बांधू असा नवस चिमाजी अप्पांनी केला आणि १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आल्यावर तो फेडला गेला, अशी या मंदिराची परंपरा आहे. जवळच्या गणेशपुरीला स्वामी नित्यानंद यांच्या वास्तव्यामुळे महत्त्व आले. १९६१ साली तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि आज तेथे येणारे भाविक समाधीचे दर्शन व कुंडातील स्नान ही दोन्ही एकाच यात्रेची अंगे मानतात. अकलोलीला नदीच्या काठाला लागून बांधीव कुंडे आहेत, त्यांना देवतांची नावे आहेत, आणि संधिवाताने आखडलेले गुडघे घेऊन येणारी वृद्ध माणसे पहाटेपासून कुंडांच्या पायऱ्यांवर बसलेली असतात. पाण्याचे तापमान पन्नास अंश सेल्सियसच्या आसपास असल्याने प्रथम पाय टाकताच चटका बसतो आणि काही क्षणांनी तोच हवासा वाटू लागतो.

आश्चर्याची गोष्ट या कुंडांच्या तळाशी आहे. पाणी स्थिर असले की तळातील फटींतून बुडबुड्यांच्या माळा सतत वर येताना दिसतात, आणि पाणी उकळत आहे असे पाहणारा सहज म्हणून जातो. परिसरातील मंदाग्नी डोंगर हा निद्रिस्त ज्वालामुखी असून त्याच्या धगीने हे पाणी उकळते, असेही सांगितले जाते. परंतु समुद्रसपाटीपासून फारशा उंचीवर नसलेल्या या ठिकाणी पाणी उकळण्यास शंभर अंश तापमान लागते, आणि पन्नास अंशांच्या पाण्यातून वाफेचे बुडबुडे उठू शकत नाहीत. मग हे बुडबुडे कशाचे आहेत? त्यांची घडण तपासल्यावर जे आढळले ते ज्वालामुखीच्या कल्पनेपेक्षा कितीतरी विलक्षण आहे, आणि ते समजण्यासाठी प्रथम जेथे खरोखर वाफ असते अशा ठिकाणांकडे वळावे लागते.

इटलीतील लार्देरेल्लो येथे ४ जुलै १९०४ रोजी जमिनीतून येणाऱ्या वाफेच्या बळावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावण्यात आले. न्यूझीलंडमधील वायराकेई येथे १९५८ साली आणि कॅलिफोर्नियातील गीझर्स या क्षेत्रात १९६० साली वीज केंद्रे सुरू झाली, तेव्हा एक फरक स्पष्ट झाला : वायराकेईच्या विहिरींतून पाणी व वाफ यांचे मिश्रण येत होते, तर लार्देरेल्लो आणि गीझर्स येथे जवळजवळ कोरडी वाफ येत होती. दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांना उकळत नाही, हे प्रेशर कुकरच्या अनुभवाने घरोघरी ठाऊक आहे. जमिनीखाली एक-दोन किलोमीटरवर दाब त्याहून अनेक पटींनी मोठा असल्याने अडीचशे अंशांचे पाणीही द्रवरूपच राहू शकते. दाब कमी झाला की त्यातील काही भाग वाफ होतो. त्यामुळे विहिरीच्या तोंडाशी दिसणारी वाफ ही मूळ साठ्यातच होती की पाणी वर चढताना वाटेत तयार झाली, हे नुसते पाहून सांगता येत नाही, आणि नेमके हेच कळणे गरजेचे असते. साठ्यातच वाफ असेल तर विहिरीतून मिळणारी उष्णता जास्त असते, दाब वेगळ्या रीतीने उतरतो आणि साठा किती वर्षे पुरेल याचे गणितही बदलते.

वायूंचा उपयोग येथे होतो. अशा साठ्यातील पाण्यात कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन, मिथेन, अमोनिया, नायट्रोजन आणि आर्गॉन हे वायू अल्प प्रमाणात विरघळलेले असतात. पाण्याशेजारी वाफ असली की प्रत्येक वायू पाणी व वाफ यांच्यात वाटला जातो. परंतु ही वाटणी सर्वांची सारखी नसते. २५० अंश तापमानाला हायड्रोजनचे वाफेतील प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे पाचशे पट असते, मिथेनचे चारशे पट, कार्बन डायऑक्साइडचे शंभर पट, हायड्रोजन सल्फाइडचे चाळीस पट आणि अमोनियाचे केवळ पाचपट. हायड्रोजन आणि मिथेन पाण्यात जवळजवळ राहतच नाहीत, तर अमोनिया पाण्याला बराचसा धरून असतो. या एका वस्तुस्थितीतून पुढचे सर्व अनुमान निघते.

समजा, एखाद्या साठ्यात वजनाने ९९ भाग पाणी आणि एक भाग वाफ आहे आणि विहीर या दोहोंना त्याच प्रमाणात वर आणते. एक टक्का ही मात्रा क्षुल्लक वाटेल, परंतु वाफ विरळ असल्याने २५० अंशांना ती खडकातील मोकळ्या जागेचा चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापते. या एका टक्का वाफेमुळे विहिरीतून येणाऱ्या एकूण द्रव्यातील हायड्रोजन केवळ पाण्यातील हायड्रोजनच्या सुमारे सहापट होतो, कार्बन डायऑक्साइड दुप्पट होतो, हायड्रोजन सल्फाइड जेमतेम दीडपटीच्या आत राहतो आणि अमोनियात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. म्हणजे हायड्रोजनचे इतर वायूंशी असलेले गुणोत्तर हे साठ्यातील वाफेचे अत्यंत संवेदनशील मोजमाप ठरते. याच्या उलट, पाणी विहिरीपर्यंत येण्यापूर्वीच एकदा उकळून त्याची वाफ निघून गेली असेल, तर मागे राहिलेल्या पाण्यात हायड्रोजनचा दुष्काळ पडतो. मग गणितात वाफेचा अंश शून्याखाली, म्हणजे ऋण येतो, आणि ते ऋण चिन्ह वाफ आधीच निसटल्याची खूण म्हणून वाचावे लागते.

परंतु मुळात पाण्यात किती हायड्रोजन असावयास हवा होता, हे कसे ठरवायचे? त्यासाठी खडक आणि वायू यांच्यातील रासायनिक समतोलाचा आधार घेतात. मिथेन आणि पाणी यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन तयार होणे आणि त्यांचे पुन्हा मिथेन व पाणी होणे ही दुतर्फा चालणारी अभिक्रिया ठरावीक तापमानाला ठरावीक प्रमाणांवर स्थिरावते. तसेच खडकातील लोह व गंधक यांचे खनिज असलेले पायराइट, हायड्रोजन व पाणी यांच्या संयोगाने मॅग्नेटाइट हे लोहाचे ऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करते, आणि ही अभिक्रियाही तापमानानुसार तोल धरते. तापमान आणि वाफेचा अंश या दोन अज्ञात राशी आहेत आणि समीकरणेही दोन मिळतात. म्हणून विहिरीच्या वायूतील चार घटक मोजले की दोन्ही राशी एकाच वेळी काढता येतात. या दोन समीकरणांचे जाळे आलेखावर काढून प्रत्येक विहिरीचा बिंदू त्यावर बसवतात, आणि बिंदू कोणत्या रेषांच्या मध्ये पडला यावरून तापमान व वाफ वाचतात. न्यूझीलंडमध्ये काम केलेले वेर्नर गिगेनबाख यांनी १९८० साली या समतोलांची मांडणी केली. इटलीतील फ्रांको दामोरे आणि अमेरिकेतील आल्फ्रेड ट्रूसडेल यांनी १९८०च्या दशकात तिला विहिरींच्या व्यवहारात वापरता येईल असे रूप दिले. गिगेनबाख यांचा मृत्यू १९९७ साली पापुआ न्यू गिनीतील रबाउल येथे, ज्वालामुखीच्या परिसरात क्षेत्रकार्य करीत असतानाच झाला, ही गोष्ट या शास्त्राच्या अभ्यासकांच्या मनात आजही आहे.

वायूचा नमुना गोळा करण्याची गिगेनबाख यांची रीत आज सर्वत्र त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि ती साधी असूनही फार विचारपूर्वक बेतलेली आहे. काचेच्या बाटलीत तीव्र दाहक सोड्याचे द्रावण घालून तिच्यातील हवा पूर्णपणे काढून टाकतात. झऱ्यावर उपडे धरलेले नरसाळे नळीने बाटलीला जोडून तोटी उघडली की वायू आत ओढला जातो, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड द्रावणात शोषले जातात आणि हायड्रोजन, मिथेन, नायट्रोजन, आर्गॉन, हेलियम हे वरच्या रिकाम्या जागेत साठतात. मुख्य वायू असे बाजूला झाल्यामुळे अल्प वायू गर्दीत हरवत नाहीत आणि प्रयोगशाळेत नेमके मोजता येतात. नळीतील हवा नीट बाहेर काढली नाही तर मात्र सारा नमुना वाया जातो, कारण हवेतील नायट्रोजन झऱ्यातल्या नायट्रोजनमध्ये मिसळला की दोघांना वेगळे करणे कठीण होते.

ही सर्व सामग्री घेऊन तानसेच्या कुंडांकडे परतले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की येथे वाफेचे जाळे आलेखावर मांडण्याची वेळच येत नाही. कोकणच्या झऱ्यांच्या वायूंचा अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. चंद्रशेखरम् आणि इटलीतील आंजेलो मिनिस्साले व त्यांचे सहकारी यांनी केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. या बुडबुड्यांत बहुतांश नायट्रोजन असून जोडीला आर्गॉन आणि हेलियम आहेत. ज्वालामुखी प्रदेशांत ज्याचे राज्य असते तो कार्बन डायऑक्साइड येथे गौण आहे. हा नायट्रोजन मुख्यतः हवेतलाच आहे. पावसाचा थेंब पडताना हवेतील वायू आपल्यात विरघळवून घेतो, आणि पाण्यात आर्गॉन नायट्रोजनपेक्षा अधिक विरघळत असल्याने हवेत नायट्रोजन व आर्गॉन यांचे जे गुणोत्तर सुमारे ८४ असते, ते पावसाच्या पाण्यात ४०च्या खाली येते. झऱ्याच्या वायूतील गुणोत्तर या दोन आकड्यांशी ताडून पाहिले की वायूचा उगम कळतो. सोबत उतरलेला प्राणवायू खडकातील लोहयुक्त खनिजांना गंज चढवण्यात खर्ची पडतो, नायट्रोजन आणि आर्गॉन मात्र कशाशीही संयोग न पावता टिकून राहतात. पाणी तापून वर येऊ लागले की दाब उतरतो, तप्त पाण्याची वायू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, आणि कुंडाच्या तळाशी ते वायू सुटे होतात. उकळण्याचा जो भास भाविकांना होतो तो वस्तुतः फार पूर्वी पडलेल्या पावसाने सोबत नेलेल्या हवेचा परतीचा प्रवास असतो. पाणी खोलवर कोठे उकळले असते आणि वाफ निसटली असती, तर हे वायू सर्वांत आधी तिच्याबरोबर निघून गेले असते आणि कुंडात त्यांचा असा भरपूर पुरवठा उरला नसता. वाफेचा अंश येथे शून्य आहे, असे बुडबुडे स्वतःच सांगतात.

हेलियमची कथा निराळी आहे. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत पाच भाग इतकेच असल्याने तो पावसाबरोबर आलेला असू शकत नाही. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांचा किरणोत्सारी क्षय होताना हेलियम तयार होत राहतो आणि खडकाच्या कणांत साचतो; गरम पाणी फिरू लागले की तो पाण्यात उतरतो. पृथ्वीच्या खोल प्रावरणातून येणाऱ्या हेलियमची समस्थानिकांची घडण वेगळी असते, आणि कोकणातील हेलियम त्या घडणीचा नसून कवचातील जुन्या खडकांचा आहे. याचा अर्थ असा, की हे पाणी दख्खनच्या काळ्या कातळाच्या खाली असलेल्या, त्याहून कितीतरी प्राचीन अशा ग्रॅनाइटी पायापर्यंत पोचून आलेले आहे. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विवरांत हा पाया सुमारे ९३० मीटरवर लागला होता. ज्या हेलियमचा माग १८६८च्या खग्रास ग्रहणात भारतातून सूर्याच्या वर्णपटात लागला, आणि ज्याच्या शोधाशी नाव जोडलेले खगोलशास्त्रज्ञ लॉकियर १८९८च्या ग्रहणासाठी विजयदुर्गावर येऊन राहिले होते, तो वायू कोकणातील कुंडांतून आजही वर येत आहे, ही माहिती झऱ्यांजवळ एखाद्या फलकावर लिहून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

ज्वालामुखीची कल्पना मग सोडावी लागते. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांत केव्हाच निवाला आहे. पाणी तापते ते पृथ्वीच्या पोटातील नेहमीच्या उष्णतेने, जी दर किलोमीटर खोलीमागे साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. कोकणच्या झऱ्यांचे मूळ तापमान पाण्यातील सिलिका व क्षारांवरून शंभर अंश किंवा त्याहून काहीसे अधिक असे निघते आणि तेवढ्यासाठी दोन-तीन किलोमीटर खोल जाणे पुरेसे आहे. सह्याद्रीला समांतर, उत्तर-दक्षिण धावणाऱ्या खोल भेगा या पाण्याला वर येण्याची वाट देतात, आणि म्हणूनच उत्तरेला पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत हे झरे ओळीने लागतात. येथे एक मर्यादाही सांगावयास हवी : हायड्रोजन आणि मिथेन यांच्यातील अभिक्रिया इतक्या कमी तापमानाला अतिशय मंद चालतात, त्यामुळे वाफेची ती दोन समीकरणे कोकणात वापरून आकडे काढणे म्हणजे समतोल नसलेल्या तराजूत वजन करणे होय. पद्धतीचा जोर दोनशे अंशांच्या वरच्या साठ्यांत आहे.

देशात या पद्धतीचा उपयोग होण्याची शक्यता लडाखमधील पुगा येथे अधिक आहे, जेथे सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने घेतलेल्या उथळ विवरांतही १४० अंशांपर्यंत तापमान आढळले होते. १९६६ साली केंद्र सरकारने नेमलेल्या उष्ण झरे समितीपासून सुरू झालेला देशातील अशा साठ्यांचा शोध १९९१च्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात एकत्र आला आणि २०२५ साली भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरणही जाहीर झाले. गीझर्सचा अनुभव या टप्प्यावर ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे वाफ भरपूर आहे म्हणून केंद्रांमागून केंद्रे उभारली गेली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस साठ्याचा दाब वेगाने उतरला, आणि १९९७पासून जवळच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडावे लागले. अशा साठ्यात फटींमध्ये वाफ असली तरी वजनाने बहुतेक द्रव्य खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी म्हणून दडलेले असते, आणि ते किती उरले आहे याचा अंदाज देणाऱ्या थोड्या साधनांत वायूंची मोजणी आहे.

गणेशपुरीहून उत्तरेला सातिवली आणि त्यापुढे कोकनेर येथील झरे पाहून हा प्रवास पुरा होतो. वाफ नाही म्हणजे उपयोग नाही, असा निष्कर्ष येथे काढणे चुकीचे ठरेल. अलास्कातील चेना येथे २००६पासून केवळ ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, कारण कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्याने तापवून त्याच्या वाफेवर चक्र फिरवतात; तेथील थंड हवामान या यंत्राला साहाय्य करते आणि कोकणची उष्ण हवा मात्र त्याची कार्यक्षमता कमी करील, हे मान्य करूनही धान्य व मासळी सुकवणे किंवा शीतगृहे चालवणे यांसाठी हे पाणी विचारात घेण्यासारखे आहे. त्याआधी एक काम तातडीचे आहे. भाविकांच्या सोयीसाठी कुंडांना फरशी, काँक्रीट व नळ बसवले जात असताना बुडबुडे जेथून निघतात त्या मूळ फटी बुजू नयेत आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक फट नमुन्यासाठी मोकळी राहावी. भूकंपांच्या आधी-नंतर किंवा खोल विहिरी खणल्यावर जमिनीखाली काय बदलले हे सांगण्यासाठी आजची नोंद हाताशी असावी लागते, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, एकाच फटीतून घेतलेले वायूचे नमुने हे ती नोंद ठेवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आसपासच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे विभाग मोठ्या प्रयोगशाळांच्या साहाय्याने हे काम सहज उचलू शकतील.